पाठीमागची खुर्ची

"खेळणाऱ्याच्या पाठीमागे बसायचं, शेजारी नाही, शेजारी बसलेलं माणूस मदत केल्याशिवाय राहत नाही."

ताईचं हे वाक्य विद्यापीठातल्या तिच्या विभागात नव्यानं येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. ती ते अगदी साध्या आवाजात सांगे, गॅस बंद करून झोपा असं सांगावं तसं. विद्यार्थी माना डोलवत आणि व्हरांड्यात जाऊन हसत. त्यांनी तिचं नाव सावली ठेवलं होतं. आज सावलीकडे कुणाचा नंबर, सावलीनं बोलावलंय, असं चाले. ते ताईच्या कानावर गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चांगलं नाव आहे. सावली कधी कुणाला उत्तर सांगत नाही."

तिची धाकटी बहीण तेव्हा तिथेच बसली होती. हे उत्तर तिला फार आवडलं होतं, आणि पुढे याच उत्तराची आठवण झाली की तिच्या अंगावर काटा येऊ लागला.

ताई व्हिडिओ गेमवर संशोधन करायची. म्हणजे नेमकं काय, हे नातेवाइकांना सांगून सांगून घरचे थकले होते. आत्या दरवेळी नव्यानं विचारायची, "म्हणजे ती दिवसभर खेळते?"

"नाही आत्या. लोक खेळतात, ती बघते."

"आणि बघायचा पगार मिळतो?"

"मिळतो."

"मग आमच्या घरातले सगळेच एव्हाना प्राध्यापक व्हायला हवे होते," आत्या म्हणायची आणि समाधानानं चहाचा कप खाली ठेवायची.

ताई बघायची ते असं. मोठी माणसं, ज्यांना शाळेत वाचणं धड जमलं नाही किंवा ज्यांची शाळाच सुटली, ती खेळताना कशी वाचतात. परीक्षेच्या कागदावर तीन शब्दांत अडखळणारा माणूस पडद्यावर लांबलचक पाटी वाचून बरोबर दार उघडतो, हे तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं होतं, लिहिलं होतं, सभांमध्ये मांडलं होतं. तिच्या नावाला वजन आलं ते त्यावरच. आक्षेप घेणारे एकच प्रश्न विचारत: ही माणसं खोलीबाहेर पडली की पुन्हा का अडखळतात? बसची पाटी त्यांना का वाचता येत नाही? ताईकडे उत्तर तयार असे. "खेळात चूक झाली तर खड्डा येतो. बाहेर चूक झाली तर लाल पेन्सिल येते. खड्ड्याला कुणी लाजत नाही."

लाल पेन्सिल घरातली होती. अप्पा वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून काढून त्यांची नजर अशी झाली होती, की वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावरही ते आधी अनुस्वार बघत आणि मग मुलीला जवळ घेत. ताई लहानपणी त्यांच्यासमोर वाचायला बसली की अक्षरं तिच्या तोंडात गोठत. मास्तरांनी तिला मंद ठरवलं होतं. आईला दमा होता. ती पलीकडच्या खोलीत पडून असे, आणि तिचा श्वास भिंतीतून ऐकू येई. प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीक शीळ वाजे, दूरवर कुणी दाराची फट शोधत असल्यासारखी.

ताई वाचायला शिकली ती गल्लीच्या टोकाला असलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. तिच्याकडे खेळायला नाणी नसत. ती खेळणाऱ्या पोरांच्या मागे उभी राही. पडद्यावर शब्द येत, जात. त्यातला एखादा कळला नाही तर कुणीतरी दरीत पडे, आणि कुणीच रागावत नसे. काही दिवसांनी दुकानदाराच्या एक गोष्ट लक्षात आली. ही मुलगी मागे उभी असली की पोरं सहसा हरत नाहीत. तो हसून म्हणे, "हिचा पायगुण आहे." मग पोरं तिला बोलावून आणू लागली. ती यायची, मुकाट मागे उभी राहायची, आणि खेळणारा बरोबर वाटेला लागायचा. घरी ही गोष्ट वर्षानुवर्षं कौतुकानं सांगितली गेली. त्यात कौतुकाखेरीज दुसरं काही असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही.

आई गेल्यावर तिच्यामागे राहिलेल्या वस्तू दोघी बहिणींनी वाटून घेतल्या. छाती मात्र एकट्या ताईच्या वाट्याला आली होती. तिला आईइतका त्रास नव्हता. जिना चढली की एक फवारा ओढायचा, एवढंच. ती विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायला गेली. धाकटी अप्पांजवळ राहिली आणि डॉक्टरांचे आवाजी अहवाल ऐकून टाईप करायचं काम घरबसल्या करू लागली. पायाखाली पेडल, कानात हेडफोन. पेडल सोडलं की आवाज थांबतो, दाबलं की पुढे जातो. तिचा कान इतका तयार झाला, की डॉक्टर अहवाल सांगताना बिस्कीट खातायत का लवंग चघळतायत, हे तिला कळे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना अप्पांनी एका सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आज छापखान्यात कोण बसलं होतं? ही कुठली लिपी छापलीय?"

मेंदूला बारीकसा झटका येऊन गेला होता. डोळे ठीक होते, जीभ ठीक होती, हातपाय ठीक होते. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांपासून शब्दांपर्यंत जाणारी वाट तेवढी तुटली आहे. विचित्र गोष्ट अशी की त्यांना लिहिता येत होतं. धाकटीनं कागद पुढे केला, त्यांनी वळणदार अक्षरात 'मला चहा हवा आहे' असं लिहिलं. ती चहा करून आली. कागद तिथेच होता. अप्पा त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत होते.

"कुणाचं अक्षर आहे हे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, अप्पा."

"वळण बरं आहे. काय लिहिलंय?"

त्या दिवशी ते स्वतःवरच एक विनोद करून हसले होते. "वाचलो खरा, पण वाचता येत नाही." खोलीत दुसरं कुणी हसलं नाही.

त्यांच्या खोलीची एक अख्खी भिंत पुस्तकांची होती. थोड्याच दिवसांत त्यांनी वाचनालयाच्या माणसाला बोलावून सांगितलं, सगळी घेऊन जा. ताईला कळलं तशी ती धावत आली.

"थांबा अप्पा. मला थोडे शनिवार द्या. माझ्या खोलीत येऊन खेळा."

"या वयात?"

"याच वयाच्या माणसांसाठी आहे ते."

अप्पा बराच वेळ पुस्तकांच्या पाठींवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "येतो. पण एक अट आहे. वाचता येणार असेल तर ही राहू देत. येणार नसेल तर जाऊ देत, दुसरा कुणीतरी वाचेल. बंद भिंतीसमोर झोपायची माझी तयारी आहे, पण खोट्या भिंतीसमोर नाही. मी वाचतोय की नाही, हे मला खरं सांगायचं. मी जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, माझी कुणी झाकायची नाही."

"खरं तेच सांगेन," ताई म्हणाली.

ताईची खोली विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली होती. पूर्वी तिथे जुन्या उत्तरपत्रिका ठेवत. खिडकी नव्हती. भिंतींना करड्या रंगाचा जाड कापडी थर होता, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आत शिरताच आपलाच आवाज कुणीतरी खिशात घातल्यासारखा वाटे. मधोमध टेबल, पडदा, खेळणाऱ्याची खुर्ची. तिच्या मागे, हातभर अंतरावर, दुसरी खुर्ची. कोपऱ्यात, एका कापडी पडद्याआड, धाकटीचं टेबल. अप्पांना आणायचं-न्यायचं काम तिच्याकडे होतं, आणि ध्वनिफिती टाईप करायचं कामही ताईनं तिलाच दिलं होतं, कारण अप्पा स्वतःशी बोलताना पुटपुटत आणि ते दुसऱ्या कुणाला नीट लागत नसे.

खेळाला सगळे 'गाव' म्हणत. ताईच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं तो तिच्या सांगण्यावरून बनवला होता. त्याला विभागात गेमवाला म्हणत. गाव कायम तिन्हीसांजेचं असे. धुकं, ओले रस्ते, बंद घरं. माणूस एकही नाही. खेळणाऱ्यानं रस्त्यावरून चालायचं आणि पाट्या वाचत वाचत आपलं घर शोधायचं. 'हे दार आतून बंद आहे, मागच्या अंगणातून या.' 'या विहिरीचं पाणी पिऊ नका.' 'तुम्ही ज्यांना शोधताय ते पुढच्या घरात राहायला गेले.' दरवेळी पाट्या बदलत, वाटा बदलत. पाठ करून जमणारं नव्हतं. माणसं ताईनं मुद्दाम काढायला लावली होती, कारण लोक अक्षरं सोडून चेहरे वाचतात. मग बाण काढले, रंग काढले, संगीत काढलं. आधार देणारी एकेक गोष्ट तिनं त्या गावातून हद्दपार केली. उरली ती पाटी, आणि चालणाऱ्याच्या पावलांचा आवाज.

खेळताना मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं, हाही नियम होता. कॉलरला माइक लावलेला असे. पहिल्या शनिवारी अप्पा पहिल्याच पाटीसमोर उभे राहिले ते उभेच. "दिसतंय. रेघा दिसतायत. पण उघडत नाहीत." ताई मागे बसून होती. ती बोलली नाही. ती कधीच बोलत नसे.

मग हळूहळू काहीतरी झालं. अप्पा दारासमोर थांबत, जरा डावीकडे वळत, जरा उजवीकडे, मान तिरकी करत, आणि बरोबर दार उघडत. शब्द मोठ्यानं वाचत नसत, पण चुकतही नसत. एके शनिवारी ते गावातल्या आपल्या घराशी पोचले. ताई त्या दिवशी नियम मोडून खुर्चीतून उठली आणि तिनं धाकटीचा हात दाबला. तिचे डोळे भरले होते. घरी वर्तमानपत्र मात्र तसंच राहिलं, अनोळखी लिपीतलं.

"बाहेर यायला वेळ लागतो," ताई म्हणाली. "आत वाचतायत ते. मी स्वतः बघतेय."

वाचनालयाच्या माणसाला निरोप गेला की अजून येऊ नका.

आजवर विभागातल्या सगळ्या ध्वनिफिती आधी संगणकातून साफ होऊन येत. पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर, सगळं गाळून खेळणाऱ्याचा तेवढा आवाज ठेवायचा, ही तिथली पद्धत होती. पण अप्पांचं पुटपुटणंही त्यात गाळलं जाई. म्हणून धाकटीनं गेमवाल्याला सांगून न गाळलेली फीत मागून घेतली. भर दुपार होती. घरात अप्पा झोपले होते, खिडकीतून ऊन आलं होतं, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं. तिनं हेडफोन लावले, पेडल दाबलं.

ओल्या रस्त्यावरची पावलं. टक, टक. अप्पांचं पुटपुटणं. आणि त्या दोन्हींच्या मागे, अगदी तिच्या मानेजवळ, एक श्वास. शेवटी बारीक शीळ.

तिनं पेडल सोडलं. श्वास थांबला. पुन्हा दाबलं. तो श्वास तिला पाठ होता. लहानपणी भिंतीला कान लावून ती तोच ऐकत झोपली होती. तिनं हेडफोन काढले, उठून अप्पांच्या खोलीत डोकावून आली, आईच्या फोटोकडे न बघता परत आली आणि गेमवाल्याला फोन लावला.

"गावात श्वासाचा आवाज कशाला टाकलाय तुम्ही?"

"कसला आवाज?"

"श्वासाचा. बाईचा."

"अहो, मी वारासुद्धा टाकला नाही. मॅडमनी मला पाखरू टाकू दिलं नाही, बाई कुठून टाकणार?" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "गावात कुणी नाही हो. मीच बनवलंय ना ते."

पुढचे काही दिवस तिनं ती फीत मन घट्ट करून ऐकली, खेळाचं चित्रण समोर लावून. श्वास पडद्यावरच्या वाटेबरोबर चालत होता. अप्पा चुकीच्या दाराकडे वळले की तो येई, जाई, शीळ वाजे. बरोबर दारासमोर आले की तो थांबे. अप्पाही थांबत. मग दार उघडल्याचा आवाज येई, आणि श्वास सुटे.

एका दुपारी तिनं जेवता जेवता अप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या गावात एकट्याला भीती नाही वाटत?"

"एकटा कुठे असतो?" अप्पांनी घास गिळला. "तुझी आई असते ना."

धाकटीनं उचललेला घास परत ताटात ठेवला.

"ताईला बोलू नकोस. तिला वाटेल बापाचं डोकं गेलं." ते अगदी शहाण्या आवाजात बोलत होते. "दिसत नाही ती. मागून चालते. मी भलतीकडे वळलो की तिला धाप लागते, पूर्वी लागायची तशी. मग मी वळतो. बरोबर आलो की गप्प होते. रागावत नाही, काही नाही. जिवंतपणी माझ्याशी एवढी बोलली नव्हती."

"आणि पाट्या?"

अप्पांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "तेच मला कळत नाही. मी वाचतो आणि तिला पटतं, की तिला पटतं म्हणून मी वाचतो. ताईला विचार. ती बघते मागून. तिला ठाऊक असणार."

तरीही धाकटीच्या लक्षात आलं नव्हतं. कळलं ते पुढच्या सोमवारी, विभागात. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून टाईप करत होती. हेडफोन काढून बाजूला ठेवले होते. एका शब्दाशी ती अडली. वेलांटी पहिली की दुसरी. पहिली दिली. आणि मानेजवळ श्वास आला. शेवटी बारीक शीळ. तिनं वळून पाहिलं नाही. बोटं आपोआप मागे गेली, तिनं वेलांटी दुसरी केली. श्वास थांबला.

"हं," मागून ताई म्हणाली. "आता बरोबर."

ताई कधी येऊन उभी राहिली होती ते तिला कळलं नव्हतं.

त्यानंतर धाकटीनं गेमवाल्याकडून जुन्या ध्वनिफिती मागून घेतल्या, साफ होण्याआधीच्या. तो मूळ प्रती टाकून देत नसे. दुकानात काम करणारा एक माणूस, एक शिवणकाम करणारी बाई, शाळा सुटलेली एक आजी. वेगवेगळी वर्षं, वेगवेगळे आवाज, तेच ओलं गाव. आणि प्रत्येकाच्या मागे तोच श्वास. चुकीच्या दारासमोर वाहणारा, बरोबर दारासमोर थांबणारा. शिवणकाम करणारी बाई एका जागी हसून म्हणाली होती, "इथलं मला आपसूक कळतं बघा." ताईच्या पुस्तकात ते वाक्य एका प्रकरणाच्या सुरुवातीला छापलेलं होतं.

ताईला हे सांगणं धाकटीच्या जिवावर आलं होतं. पण न सांगणं म्हणजे अप्पांची चूक झाकणं होतं. शुक्रवारी दुपारी, खोली रिकामी असताना, तिनं ताईला आपल्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन तिच्या हातात दिले.

"काय आहे?"

"ऐक तर."

ताईनं ऐकलं. जरा वेळानं एका कानावरचा हेडफोन सरकवून ती म्हणाली, "मीच आहे की. मागे बसते, श्वास तर घेणारच. मेलेलं माणूस बसवू का तिथे?"

"पडद्याकडे बघत ऐक. कुठे थांबतेस ते बघ."

धाकटी पेडल दाबत राहिली. पडद्यावर दारं येत गेली. ताईचा चेहरा आधी नेहमीसारखा होता, विद्यार्थ्याचा कच्चा मसुदा वाचताना असे तसा. मग तो चेहरा हळूहळू रिकामा झाला. तिन्हीसांजेच्या त्या गावातून एकेक वस्तू काढून घेतली होती, तसं त्याच्यावरूनही काहीतरी एकेक काढून घेतलं जात होतं. पुढच्या फितीच्या सुरुवातीला, खेळ सुरू होण्याआधी, अप्पा पुटपुटले, "आहेस ना?" आणि उत्तरादाखल श्वास आला.

"हे ते मला विचारतात," ताई म्हणाली. "दर वेळी विचारतात. मी नियमाप्रमाणे बोलत नाही."

"तुला नाही विचारत."

मग धाकटीनं तिला आईबद्दल सांगितलं.

ताई बराच वेळ हेडफोनच्या वायरला पीळ घालत बसली. बाहेर जिन्यावरून मुलं खिदळत गेली. कापडी भिंतींमुळे ते हसू पाण्याखालून आल्यासारखं वाटलं.

"दुसऱ्या कुणाची ऐकलीस?" तिनं विचारलं.

"ऐकल्या."

"त्यातही?"

"मी ऐकल्या त्या सगळ्यांत."

ताईनं मान हलवली. "बाण काढले मी," ती म्हणाली. "चेहरे काढले. रंग काढले." ती उठली, मागच्या खुर्चीजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ती खुर्ची तिला पहिल्यांदाच दिसत असावी, असं धाकटीला वाटलं.

"ताई, बाकीचं तू बघ, तुझं पुस्तक, तुझे आकडे," धाकटी म्हणाली. "पण अप्पांचं असू दे. त्यांना तेवढंच आहे. आठवड्यातून एकदा भेटते ती त्यांना. पुस्तकं काय, राहतील भिंतीला."

"त्यांनी विचारलंय, वाचतोय का म्हणून."

"विचारलंय. पण उत्तर ऐकून त्यांचं काय होईल?"

"आणि खरंच वाचत असतील तर?" ताई एकदम वळली. तिच्या डोळ्यांत काकुळती होती; ती तिथे पूर्वी कधी दिसली नव्हती. "थोडंतरी? माझ्या श्वासाखाली त्यांचं वाचणं झाकलं गेलं असेल तर? ते तुला कसं कळणार? मला कसं कळणार?"

धाकटीनं हेडफोनची वायर गुंडाळून टेबलावर ठेवली.

शनिवारी अप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. गावात जाताना ते अलीकडे केस विंचरून येत. दारातच ताईला म्हणाले, "काय सावलीबाई, आज आमचं घर कुठे लपवलंय?" ताई हसली, पण नुसत्या ओठांनी. तिनं त्यांच्या कॉलरला माइक लावला, सदऱ्याची मुडपलेली कड सरळ केली आणि मागे जाऊन बसली. धाकटी कोपऱ्यात पडद्याआड बसली आणि तिनं हेडफोन लावले.

पडदा उजळला. धुकं. ओला रस्ता.

"आहेस ना?" अप्पा पुटपुटले.

श्वास आला. पण तो आज वेगळा होता. मोजून घेतलेला, मोजून सोडलेला. ताई पाठ ताठ करून, नजर स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून बसली होती. ती श्वास सारखा ठेवायचा प्रयत्न करत होती.

अप्पांची पावलं पहिल्या दारापर्यंत गेली. थांबली. परत फिरली. दुसऱ्या दारापर्यंत गेली. पाटीवर लिहिलं होतं: 'हे घर तुमचं नाही, पण दिवा लावून ठेवलाय.' अप्पांनी मान तिरकी केली. ते ऐकत होते. श्वास येत होता, जात होता, घड्याळासारखा.

"आज बोलत नाहीस," अप्पा म्हणाले.

टक, टक. पुन्हा पहिलं दार. पुन्हा दुसरं. "कुठे आहेस? धाप लागू दे जरा. मी चुकतोय ना?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. ताईच्या कपाळावर घाम आला होता. तिनं ओठ आवळले, डोळे मिटले. पण छाती तिचं ऐकेना. अप्पा तिसऱ्या दाराकडे, बरोबर दाराकडे वळले, आणि डोळे मिटलेले असतानाही, नुसत्या पावलांच्या आवाजावरून, तिचा श्वास अडकला.

"हां," अप्पा सुटकेनं म्हणाले. "आलीस."

दार उघडलं. गावात आणखी एक रस्ता पुढे आला, आणि त्याच्या टोकाला शेजारी शेजारी दोन घरं, दोन पाट्या. दोहोंतलं एक त्यांचं. अप्पा चालू लागले. त्यांच्या मानेवरचा ताण गेला होता, ते खुर्चीत मागे रेलले होते, मागे कुणी उभं असल्याची खात्री असलेला माणूस रेलतो तसे.

ताईनं डोळे उघडले. तिनं पडद्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या कापडाआडून बघणाऱ्या धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं मान हलवून नको म्हटलं, पुन्हा हलवली. ताईची नजर क्षणभर तिच्यावर राहिली आणि मग अप्पांच्या पांढऱ्या केसांवर गेली, तेल लावून विंचरलेल्या.

अप्पा दोन घरांसमोर येऊन थांबले. एका पाटीवर लिहिलं होतं: 'इथे आता कुणी राहत नाही.' दुसरीवर: 'या, दार नुसतं लोटलेलं आहे.' अप्पांनी मान तिरकी केली आणि वाट पाहू लागले.

ताई उठली. बाण, चेहरे, रंग काढून झाले होते; आता एकच आधार उरला होता. खुर्ची कुरकुरू नये म्हणून तिनं ती दोन्ही हातांनी जराशी उचलली आणि जागच्या जागी ठेवली. चपला तिनं काढून हातात घेतल्या. मग श्वास रोखून, भिंतीच्या कडेनं, अप्पांच्या पाठीमागून ती दाराशी गेली, दार अंगापुरतं उघडलं आणि एक शब्दही न बोलता बाहेर गेली.